मदत हवी आहे: पणजीत इटालियन बुफे आणि आई पूर्ण शिवराक (शाकाहारी)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण मागच्या वेळी चौकशी अर्धवट केली आणि त्याचा त्रास आईला झाला.

आम्ही फोंड्याला राहतो. येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. भाऊ, वहिनी आणि नऊ वर्षांची भाची पुण्याहून येताहेत. दुपारचं जेवण पणजीतल्या एका इटालियन रेस्टॉरंटच्या बुफेत ठरलंय. आमच्या घरी मासळी शिजत नाही, अंडंही नाही, आणि त्यात श्रावण. कांदा-लसूण आई फक्त सोमवारी सोडते, त्यामुळे तो प्रश्न नाही. बाकी तिचं शिवराक म्हणजे पूर्ण शिवराक.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका हॉटेलात अशाच बुफेला गेलो होतो. आईने व्हेजच्या पाटीखालचंच सगळं घेतलं. शेवटी छोट्या वाटीतली पांढरी, थुलथुलीत मिठाई घेतली, वर लाल आंबटगोड रस. तिला फार आवडली. "खरवसासारखी लागते गो," म्हणाली आणि दुसरी वाटी आणली. मी कौतुकाने वेटरला विचारलं की ही घट्ट कशाने होते. तो म्हणाला, जिलेटीन. कशाचं असतं ते, विचारल्यावर आत जाऊन आला आणि म्हणाला, "जनावराच्या हाडांचं, मॅडम." आईचा चमचा तोंडातच होता. तिने तो काढला, कागदी रुमालावर पालथा ठेवला आणि पाणी प्यायली. बाणास्तरीचा पूल येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने उपास धरला. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

यावेळी तसं काही होऊ द्यायचं नाही. इटालियन बुफेत दिसायला शाकाहारी पण आतून नसलेले पदार्थ कोणते? रेस्टॉरंटला आधी फोन करून नेमकं काय विचारायचं? "व्हेज आहे ना?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही. आईने नुसतं सॅलड आणि पाव खाऊन उठावं असं मला नकोय. तिचं ताट इतरांसारखं भरलेलं दिसायला हवं.

बाबांना मधुमेह आहे. मैदा, पास्ता, गोड, सगळं समोर असणार. त्याबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल.

मांडवीकाठ:
ताई, मी दहा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत, त्यातली बरीचशी इटालियन सेक्शनला. तुमची शंका रास्त आहे. व्हेजची पाटी लावणारा माणूस बहुतेक वेळा वरचे तुकडे बघतो, खालचं पाणी बघत नाही.

सुरुवात सुपापासून करा. मिनेस्त्रोनी हे भाज्या आणि राजम्यासारख्या कडधान्याचं सूप. दिसायला शंभर टक्के शिवराक. पण ते चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्यात, शिजवलेलं असू शकतं, आणि मूळ पद्धतीत बरेचदा डुकराच्या मांसाचा तुकडाही पडतो. रिसोत्तोचंही तेच. भात स्टॉक पीत पीतच शिजतो, आणि त्यात व्हाइट वाइन पडते ती वेगळी. त्यामुळे "स्टॉक कशाचा?" हा पहिला प्रश्न.

दुसरं, चीज. पार्मेजान नावाने जे किसून टाकतात ते अस्सल इटलीचं असेल तर शाकाहारी नसतं. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमातच वासराच्या जठरातलं रेनेट वापरायचं असं आहे. दूध फाडण्यासाठी ते लागतं. ग्राना पादानोही तसंच, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं. आपल्याकडच्या मोझरेलाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर बिनधास्त खा, त्यात जनावराचं रेनेट नसतं. म्हणून पिझ्झा सहसा चालतो, पण वरून काय भुरभुरतात ते विचारा. पेस्तो मात्र आईंना देऊ नका. तुळशीच्या भावकीतल्या बेझिलची हिरवी चटणी म्हणून सोवळी वाटते, पण चीज तिच्यातच वाटलेलं असतं, वेगळं काढता येत नाही.

सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही असतो. हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा, खारवून, वाटून घातलेला. नुसती हिरवी पानं बघून लोक फसतात. पुत्तानेस्का सॉसमध्येही तोच. उलट मारिनारा हे नाव समुद्राचं वाटतं, पण मूळ सॉसमध्ये मासा नसतो, फक्त टोमॅटो, लसूण, तेल आणि ओरेगानो.

पास्ता कोरडा, पाकिटातला असेल तर तो ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच. "फ्रेश पास्ता", लझान्याचे थर, राव्हिओली, इथे मात्र अंडं असण्याची शक्यता जास्त. तिरामिसूत अंडं दोनदा येतं, एकदा क्रीममध्ये आणि एकदा आतल्या बिस्किटांत. कुठे म्हणतात "एगलेस आहे", पण बोलतात ते फक्त क्रीमबद्दल. वर रम किंवा गोड वाइन शिंपडलेली असू शकते.

आईंसाठी मी आराब्याता मागवीन. टोमॅटो, लसूण, लाल मिरची आणि तेल. नावाचा अर्थच "चिडलेली", तिखट म्हणून. आपल्या जिभेला लगेच जुळते. नाहीतर आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेल. दोन्ही चीजशिवाय पूर्ण लागतात, काही कमी केल्यासारखं वाटत नाही.

रानफूल:
राग मानू नका, पण एवढे प्रश्न विचारून जेवायला जाण्यापेक्षा चांगल्या शिवराक थाळीला का नेत नाही? त्यांचा दिवस आहे, त्यांना निवांत जेवू दे.

मूळ लेखिका:
राग नाही हो. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण इटालियन आईनेच सुचवलं. भाची तिला व्हिडिओ कॉलवर डब्यातला पास्ता दाखवते. आई म्हणते, हे आपल्या शिरवाळ्यांसारखंच (तांदळाच्या शेवया) दिसतं, फक्त नारळाचा रस नाही. नातीबरोबर एका टेबलावर तेच खायचं आहे तिला. मागच्या वेळेनंतर तिने स्वतःहून परत जायचं म्हटलं, हे मला फार मोठं वाटतं. म्हणूनच चुकायचं नाही.

मांडवीकाठ दादा, खूप आभार. स्टॉकचं मला सुचलंच नसतं.

म्हापशाची सून:
माझ्या सासूबाई अशाच कडक आहेत, त्यामुळे अनुभवाचं सांगते. फोन दुपारी जेवणाच्या गर्दीत करू नका, चार-साडेचारला करा. मॅनेजर नको, शेफना फोनवर बोलवा. "व्हेज आहे का" ऐवजी "यात स्टॉक, जिलेटीन, अंडं, मासा, वाइन यातलं काय पडतं" असं एकेका पदार्थाला विचारा. शेफला असा प्रश्न आवडतो, तो नीट उत्तर देतो. मला आजवर एकानेही झिडकारलेलं नाही.

बुफे सुरू होतो त्याच वेळी पोचा. तासाभराने चिकनच्या भांड्यातली पळी शेजारच्या भांड्यात गेलेली असते, लोकच तसं करतात. आणि पास्ता समोर परतून देणारा काउंटर असेल तर आईंचा पास्ता धुतलेल्या, वेगळ्या पॅनमध्ये करायला सांगा. नाहीतर आधीच्या माणसाची कोळंबी ज्यात परतली त्याच पॅनमध्ये तुमचा पास्ता पडतो.

आणखी एक. विचारपूस आईंच्या देखत करू नका. सासूबाई आता म्हणतात, "माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना त्रास." ते ऐकवत नाही. सगळं आधी करून ठेवा म्हणजे त्या नुसत्या जेवतील.

मांडवीकाठ:
वरचं अगदी बरोबर. पॅनचं लिहायचं मी विसरलो. बाबांसाठी: आधी भाज्या आणि कडधान्याचं सॅलड, मग पास्ता, आणि तो मऊ न करता जरा दाताखाली येईल असा मागा. तसा शिजवलेला पास्ता साखर तुलनेने हळू वाढवतो. जेवणाआधीची गोळी असेल तर फोंड्याहून निघताना नको, ताट समोर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं असेल तशी. पावसात रस्त्याला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो.

मूळ लेखिका:
काल साडेचारला फोन केला. शेफ स्वतः बोलले, जवळजवळ वीस मिनिटं. सूप भाज्यांच्या पाण्यातलंच आहे. रिसोत्तोत वाइन आहे, म्हणून तो आईसाठी बाद. पिझ्झ्याचं मोझरेला हिरव्या ठिपक्याचं, पण वरचं पार्मेजान बाहेरून मागवलेलं, ते आमच्या टेबलाच्या पिझ्झ्यावर टाकणार नाहीत. आराब्याता वेगळ्या पॅनमध्ये करून टेबलावर आणून देतील. मी पान्ना कोत्ताबद्दल, म्हणजे मागच्या वेळच्या त्या पांढऱ्या मिठाईबद्दल, विचारलं तेव्हा घसा जरा भरून आला, ते त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं किती जण आहात, आणि म्हणाले, सहा वाट्या जिलेटीनऐवजी चायना ग्रास घालून वेगळ्या लावतो, अंडं-बिंडं काही नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, हे मला माहीत होतं, आमच्याकडे उन्हाळ्यात त्याची खीर होते. आईलाही चालतं.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. टेबलावर वाटी आली की शेफकडूनच ऐकू दे.

तिने काल रात्री एकच विचारलं, ते लांब लांब काट्याने कसं गुंडाळतात, नातीसमोर सांडायला नको. आज संध्याकाळी थोडे शिरवाळे करणार आहे. ताटलीत घेऊन दोघी बसू आणि काट्याने गुंडाळून बघू.