थांब्यावरून निघालेल्या एसटीला वाट देणे बंधनकारक आहे का?

फाट्यावरचा शिक्षक:
मोर्शी–वरुड मार्गावरच्या एका फाट्यावरून मी रोज सकाळच्या एसटीने शाळेत जातो. बस डांबर सोडून डावीकडे थांबते, पंधरा-वीस विद्यार्थिनी चढतात, वाहक घंटी देतो, चालक उजवा इंडिकेटर लावतो, आणि बस तशीच उभी राहते. मागून येणारी मोटार असो वा संत्र्याची गाडी, कोणीही वेग कमी करत नाही. उलट इंडिकेटर दिसताच, बस निघायच्या आत आपण पुढे जावे म्हणून वेग वाढवला जातो. मागच्या आठवड्यात बसचे तोंड रस्त्यावर आलेले असताना एक मोटार समोरून वळसा घालून गेली. चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि दाराजवळची सातवीतली मुलगी पायरीवर पडली. याबाबत कायदा काय म्हणतो, आणि आपल्याला काय करता येईल?

निवृत्त चालक:
गुरुजी, मी 28 वर्षे गाडी चालवली. बस उजवीकडे तिरकी झाली की आरशातून मागचा रस्ता सुटतो, म्हणून सुरुवातीचे काही फूट चालक मागच्या वाहनाच्या भरवशावरच गाडी काढतो. त्यात आपली माती काळी. पावसाळ्यात साइडपट्टीत चाक रुतते, डांबराची कड वीतभर उंच राहिलेली असते, आणि भरलेली गाडी त्या कडेवर चढवायला जो वेळ लागतो तेवढा वेळ कोणी थांबत नाही. याच कारणाने पुष्कळ चालक पुढे गाडी खाली उतरवणेच सोडून देतात आणि अर्धी बस डांबरावर उभी करतात. मीही तसेच करू लागलो होतो, आणि ते चुकीचे होते, कारण मग मागची वाहने उजवीकडून सुसाट निघतात आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडणारी मुले, म्हातारी माणसे त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

कापूसवाला:
काका, आपले म्हणणे पटते, परंतु आमचीही अडचण ऐकावी. माझ्या ट्रॉलीला वेगळा ब्रेक नाही. कापूस भरलेला असताना ट्रॅक्टरचा वेग एकदम कमी केला तर मागचे वजन पुढे ढकलते. इंडिकेटर आधी लावून बस चार-पाच सेकंद थांबली तर मी नक्की वाट देईन. इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकाच वेळी फिरले, तर मला काहीच करता येत नाही.

नियमवाचक:
2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले 194-ई हे कलम रुग्णवाहिका, अग्निशमन अशा आपत्कालीन वाहनांना वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड सांगते. प्रवासी बस त्यात येत नाही. जर्मनीत मात्र थांब्यावरून निघणाऱ्या बसला वाट देणे, गरज पडल्यास थांबणेही, बंधनकारक आहे. आणि धोक्याचे दिवे लावून थांबलेल्या बसजवळून माणसाच्या चालीनेच जावे लागते. ऑस्ट्रेलियात हा नियम वस्तीतल्या, ताशी 70 किलोमीटरपर्यंत मर्यादा असलेल्या रस्त्यांपुरता आहे. ही वेगाची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मोकळ्या रस्त्यावर भरधाव वाहनाला अचानक थांबवणे हाच नवा धोका ठरेल. म्हणून आपल्याकडेही आधी फाट्यापूर्वी वेग कमी झाला पाहिजे.

फाट्यावरचा शिक्षक:
सर्वांचे आभार. कापूसवाले दादांची सूचना मी आमच्या चालकांना उद्याच सांगतो. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन मागण्या लेखी मांडणार आहे: थांब्याच्या साइडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणावी, आणि फाट्याच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक व थांब्याचा फलक लावावा. निवृत्त चालककाका, बस पूर्ण खाली उतरून पुन्हा सहज वर येण्यासाठी मुरुमाची पट्टी किती लांब हवी, हे आपण सांगितलेत तर अर्जात तेवढाच आकडा घालतो.

निवृत्त चालक:
बस साधारण 11 मीटरची धरा. उतरायला आणि चढायला पुढेमागे तेवढीच जागा हवी. 35 मीटरपेक्षा कमी लिहू नका.