आयव्ही लीग फुटबॉल: गुणतक्ता कसा वाचायचा?

निळी_शाई: अमेरिकी फुटबॉलचे नियम कळतात, पण आयव्ही लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांच्या लीगचा, हंगाम डोक्यात बसत नाही. 2025 च्या तक्त्यात येलपुढे 6-1 आणि 8-2 असे दोन आकडे आहेत. 2024 मध्ये तर हार्वर्ड, कोलंबिया, डार्टमथ असे तीन विजेते! जेतेपद ठरतं कशावर? आणि भारतातून सामना बघायचा तर किती वाजता?

चौथा_डाऊन: आठ संघ: ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेन, प्रिन्स्टन, येल. प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणून लीगचे 7 सामने. बाहेरच्या संघांशी 3. जेतेपदाला फक्त ते 7 धरतात. पहिला आकडा विजयांचा, दुसरा पराभवांचा. येलचं 6-1 हे लीगमधलं, 8-2 हे एकूण. म्हणजे बाहेर 2 जिंकले, 1 हरले. नवखे लोक एकूण आकडा बघतात आणि तिथेच फसतात.

सातच सामने असल्यामुळे एक हारही महाग पडते. 2024 मध्ये हार्वर्डला शेवटचा शनिवार जिंकून एकट्याने जेतेपद घेता आलं असतं, पण येलने हरवलं. तिघेही 5-2 वर आले आणि तिघेही विजेते. कोलंबियाला 1961 नंतर पहिल्यांदा हा मान मिळाला. त्या यादीतल्या कुणालाही कमी लेखू नका; संयुक्त जेतेपद इथे पूर्ण जेतेपदच आहे.

आणखी एक: 7 हा विषम आकडा, त्यामुळे एका वर्षी घरच्या मैदानावर लीगचे 4 सामने, पुढच्या वर्षी 3. दोन हंगामांची तुलना करताना हे आधी बघा.

निळी_शाई: मग 2025 मध्ये येल आणि हार्वर्ड दोघेही 6-1, तरी बाद फेरीची थेट जागा येललाच कशी?

यार्डरेषा: जेतेपद वाटून घेता येतं, थेट जागा नाही. आयव्हीचे संघ राष्ट्रीय बाद फेरीत 2025 पासूनच उतरू लागले. दोघांत बरोबरी झाली तर आधी आपसातला सामना बघतात. येलने तो 45-28 जिंकला होता. हार्वर्ड निवड समितीने दिलेल्या जागेवर गेलं. ही निवड होताना बाहेरचे 3 सामनेही बघितले जातात, म्हणून ते सरावाचे समजू नयेत.

खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या या लीगच्या येलने पहिल्याच फेरीत यंगस्टाऊन स्टेटविरुद्ध मध्यंतराला 7-35 अशा पिछाडीवरून 43-42 असा विजय मिळवला. तो सामना जरूर शोधून बघा.

हडल: वेळेचं सांगतो. हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारच्या आसपास सुरू होतो, इतरांपेक्षा उशिरा. पहिल्या सामन्यातला समोरचा संघ बहुधा दोन-तीन सामने खेळून आलेला असतो. आयव्हीचा संघ टॅकलिंगमध्ये (चेंडू घेऊन पळणाऱ्याला खाली पाडण्यात) अडखळला तर नवल नाही. नंतर सलग दहा आठवडे, मध्ये सुट्टी नाही. दुखापत झालेल्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला) सावरायला मोकळा आठवडाच मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या फळीचा खेळाडू कोण आहे हे ऑक्टोबरआधी माहीत करून घ्या.

तिकडे दुपारी 12 ला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री 9:30 ला लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर 10:30. शेवटचे तीन शनिवार बहुधा त्यानंतरच येतात, तेव्हा गजर बदलून ठेवा.