प्रूडंट, ज्युडिशियस, डिस्क्रीट: सगळ्यांना ‘विवेकी’ म्हणून चालेल का?

विचारणा, चोपडा:
स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत समानार्थी शब्दांचा एक गट सारखा आडवा येतो. प्रूडंट, ज्युडिशियस, डिस्क्रीट, सॅगेशियस, श्रूड, सेन्सिबल. शब्दकोश उघडावा तर प्रत्येकापुढे शहाणा, विवेकी, सुज्ञ हेच तीन शब्द आलटूनपालटून. मग गाळलेल्या जागेत यातला एकच बरोबर आणि बाकीचे चूक, हे ठरतं कसं? कुणी उदाहरणासकट सांगाल का?

उत्तर, जळगाव:
ताई, प्रश्न रास्त आहे. मी भाषांतराचं काम करतो, त्यामुळे या गटाशी रोजची गाठ. माझी रीत सांगतो. कोण जास्त शहाणा आणि कोण कमी, हे या शब्दांत शोधू नका. ते शहाणपण कुठे वापरलं गेलं, ते बघा.

आपला कापूसच घ्या. दिवाळीच्या आसपास पहिल्या वेचण्या घरात येतात आणि भाव पडलेला असतो. पुढे वाढेल या आशेवर कित्येक जण खोल्याच्या खोल्या कापसानं भरून ठेवतात आणि मग घरातल्या लहानथोरांच्या अंगाला खाज सुटते. अशा वेळी एक शेतकरी अर्धा कापूस विकून कृषी केंद्राची उधारी आणि रब्बीचं बियाणं भागवतो, अर्धा भावासाठी ठेवतो. भाव चढो की पडो, तो उघड्यावर येत नाही. हा प्रूडंट. खेडा खरेदीला आलेला व्यापारी मूठभर कापूस दाबून ‘ओला आहे’ म्हणत भाव पाडायला लागतो, तेव्हा हाच शेतकरी ‘मीटर लावा’ म्हणतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा चांगला धरतात आणि सरकारी खरेदीत बारापर्यंत चालतो, हे त्याला ठाऊक असतं. इथे तो श्रूड. आणि शेजाऱ्याचा माल किती भावानं गेला, हे माहीत असूनही तो पारावर बोलत नाही, तेव्हा तो डिस्क्रीट. माणूस एकच, कापूसही तोच.

यातला प्रूडंट नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याचं मूळ लॅटिन ‘प्रोव्हिडेन्स’ या शब्दात आहे, अर्थ पुढचं पाहणारा. तो शब्द आकसत ‘प्रूडेन्स’ झाला. प्रोव्हिजन आणि प्रॉव्हिडंट फंडातला प्रॉव्हिडंट हे त्याचेच भाऊबंद. म्हणून मला प्रूडंटच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द ‘तरतूद’ वाटतो. पुढची तरतूद करून वागणारा तो प्रूडंट. ‘दूरदर्शी’ इथे जरा मोठा पडतो. दूरदर्शी माणूस पन्नास वर्षांपुढचं बघतो, प्रूडंट माणूस पुढच्या हप्त्याचं. बँक सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीच्या १९९१च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘प्रुडेन्शियल नॉर्म्स’ लावले. हिंदीत त्यांना विवेकपूर्ण मानदंड म्हणतात. पण आत वाचलं तर सगळा भर कर्ज कधी थकीत धरायचं आणि त्यासाठी किती तरतूद करायची यावर आहे. मार्च २००४पासून ९० दिवस हप्ता थकला की कर्ज थकीत धरायचं, हा नियम आला तोही त्यातलाच. तिथे विवेकापेक्षा तरतुदीचाच विचार जास्त आहे.

कायद्यातला एक दाखला तर या चर्चेसाठीच असावा असा आहे. १८३० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं ‘हार्वर्ड कॉलेज विरुद्ध अ‍ॅमोरी’ या खटल्यात विश्वस्तांसाठी कसोटी घालून दिली. प्रूडन्स, डिस्क्रीशन आणि इंटेलिजन्स असलेली माणसं स्वतःचा पैसा सट्ट्यात न घालता कायमचा कसा गुंतवतात, उत्पन्नाबरोबर मुद्दल सुरक्षित राहील हे कसं पाहतात, तसं विश्वस्तांनी वागावं. तीन शब्द ओळीनं आलेत. एकाच शब्दात भागलं असतं तर न्यायाधीशांनी तीन लिहिले नसते.

आता ज्युडिशियस. हा शब्द माणसापेक्षा कृतीला जास्त शोभतो: ज्युडिशियस यूज, ज्युडिशियस चॉइस. फवारणीच्या एका माहितीपत्रकात मी त्याचं भाषांतर ‘न्याय्य वापर’ असं वाचलं आणि फार वाईट वाटलं, कारण ते वाचून शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. न्यायाशी संबंध ज्युडिशियलचा. दोघांचं मूळ एक असलं तरी वाटा वेगळ्या झाल्यात. कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून घेणारे सापळे लावायचे, सलग तीन दिवस सापळ्यात रोज गुलाबी बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले तरच औषध मारायचं आणि तेवढंच मारायचं, हा कीटकनाशकाचा ज्युडिशियस वापर. मराठीत ‘तारतम्यानं’ किंवा साधं ‘गरजेपुरता, बघून’. तारतम्य हा शब्द आपण विसरत चाललोय, याचं मला खरंच दुःख आहे. ‘तर’ आणि ‘तम’, म्हणजे अधिक आणि सर्वाधिक, यांतला फरक ओळखणं असा त्याचा अर्थ. ज्युडिशियसला याहून नेमका शब्द नाही.

डिस्क्रीटबद्दल एक गोष्ट फार सुंदर आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ वेगळं केलेलं. आपला ‘विवेक’ही ‘विच्’ धातूपासून, वेगळं करणं याच अर्थाचा. त्याच उच्चाराचा पण वेगळ्या स्पेलिंगचा गणितातला डिस्क्रीट, त्यालाही ‘विविक्त’ असा त्याच धातूचा शब्द वापरतात. म्हणजे मुळात डिस्क्रीशन आणि विवेक सख्खे शेजारी. पण वापरात डिस्क्रीट पार तोंडाशी येऊन थांबला. काय बोलायचं आणि काय पोटात ठेवायचं, एवढंच त्यात उरलंय. आपण ज्याला ‘तोंडात तीळ भिजत नाही’ म्हणतो तो इनडिस्क्रीट. मात्र डिस्क्रीशन या नामात जुना अर्थ टिकून आहे: राज्यपालांचं डिस्क्रीशन, न्यायाधीशांचं डिस्क्रीशन. तिथे निवड करण्याचा अधिकार अभिप्रेत असतो, गुप्तता नाही. परीक्षेत हमखास फसवणारी जागा आहे ही.

प्रतिक्रिया, शिरपूर:
भाऊ, तुमचा प्रूडंट मला घाबरटच वाटला. शिवाय आमच्या अहिराणीत ‘तो भलता शाना शे’ म्हटलं तर कौतुक की टोमणा, ते आवाजावरूनच कळतं. इंग्रजीत असं काही आहे का?

उत्तर, जळगाव:
घाबरट नाही, भाऊ. युरोपच्या जुन्या नीतिविचारात चार मुख्य गुण मानले, त्यात प्रूडन्स हा धैर्याच्या जोडीनं बसतो. पेरणी आठवा. पाऊस येईलच म्हणून कोरड्यात धूळपेरणी करणारा जोखीम घेतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावर पेरणारा प्रूडंट. आणि एवढी ओल होऊनही ‘अजून बघू’ म्हणत वाफसा घालवणारा, तो घाबरट. त्याला टिमिड म्हणतात.

टोमण्याचं म्हणाल तर ‘वाइज गाय’ थेट आपला दीडशहाणा. म्हणूनच ‘शहाणा’ हा शब्द भाषांतरात एकटा सोडू नये असं माझं मत आहे. तो कोणत्या बाजूला वळेल याचा भरवसा नाही. श्रूडलाही असा इतिहास आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ दुष्ट असा होता, हळूहळू तो चाणाक्ष झाला. अजूनही त्या कौतुकात स्वतःचा फायदा सोडत नाही अशी छटा राहतेच. गावच्या जाणत्या आजोबांना श्रूड म्हणू नका, ‘धूर्त’ तर मुळीच नको.

विचारणा, चोपडा:
सॅगेशियस आणि सेन्सिबल राहिले. आणि ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ यातला शहाणा कोणता?

उत्तर, जळगाव:
सॅगेशियसच्या लॅटिन मुळात वासाची तीक्ष्ण जाण आहे. सतराव्या शतकात इंग्रजीत तो शिकारी कुत्र्यांनाही लावत. ‘सेज’ म्हणजे ऋषी याच्याशी त्याचा संबंध जोडतात तो चुकीचा, ते मूळ निराळं. इतरांना दिसण्याआधी ज्याला चाहूल लागते तो सॅगेशियस. इथे ‘जाणता’ चालेल, ‘मर्म ओळखणारा’ही चालेल. सेन्सिबल सगळ्यात साधा: समजूतदार, व्यवहाराला धरून. चपलेलाही लागतो, ‘सेन्सिबल शूज’ म्हणजे दिसायला साध्या पण पायाला सोयीच्या. त्याचं भाषांतर संवेदनशील करू नका, तो सेन्सिटिव्ह.

कोर्टाच्या पायरीवरचा शहाणा प्रूडंट. बांधाच्या वादात आपली बाजू खरी आहे हे त्याला माहीत असतं. पण तारखा, वकिलाची फी आणि त्यापायी मोडणारे दोन हंगाम त्याला आधीच दिसतात, म्हणून तो फिरतो. उत्तरपत्रिकेत तिथे सेन्सिबल लिहिलंत तर अर्थ चुकणार नाही, पण पुढचं दिसणं त्यात येत नाही. दोन्ही पर्याय असतील तर प्रूडंटवरच खूण करा.