तुमच्या कादंबरीतलं पात्र काय गुणगुणतं?

अडीच वर्षं एक कादंबरी लिहितेय. पहिल्याच महिन्यात तिच्यासाठी ४१ गाण्यांची यादी केली होती. आज त्यातली ९ उरली आहेत. गळालेली बहुतेक गाणी मी शब्द बघून घेतली होती. विरहाच्या प्रकरणाला विरहगीत, पावसाच्या प्रसंगाला पावसाचं. ती ऐकत लिहायला बसले की गाणं जे म्हणून गेलेलं असायचं तेच माझं वाक्य पुन्हा म्हणायचं, आणि पानभर नुसते उसासे.

मग एक प्रसंग आला. वडील गेल्यावर नायिका त्यांचं कपाट आवरते. आठ वेळा लिहिला, आठही वेळा रडका झाला. शेवटी यादी बाजूला ठेवली आणि हे वडील दाढी करताना काय म्हणत असतील, एवढाच विचार केला. लगेच सापडलं: उडत्या चालीचं एक गाणं, तेही गालाला साबण लागलेला म्हणून अर्ध्या तोंडाने म्हटलेलं. ते लावलं आणि नायिकेचे हात भराभर चालायला लागले. सदऱ्यांच्या घड्या, खिशातली पेनं, बटणं. आपण त्याच ठेक्यावर घड्या घालतोय हे लक्षात येतं तिथे ती थांबते. प्रकरण मी तिथेच संपवलं.

तुमचेही अनुभव लिहा. लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही. गाण्याचं नाव सांगितलं नाही तरी चालेल, पण ते कसं सापडलं आणि त्याने पानावर काय बदललं हे मात्र सविस्तर सांगा.

*

माझ्या कादंबरीत तीन बहिणी आहेत. एकच घर, एकच आई, दोन-दोन वर्षांचं अंतर. पहिल्या खर्ड्यात तिघी सारख्याच बोलायच्या. एका मित्राने संवादांपुढची नावं हाताने झाकली आणि कोण बोलतंय ते ओळख म्हणाला. मला ओळखता येईना.

मी शास्त्रीय गाणं शिकतो. त्या सुमारास गुरुजींनी पूरिया, मारवा आणि सोहनी हे राग एकापाठोपाठ घेतले होते. तिन्हींचे स्वर तेच आहेत: कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), बाकीचे शुद्ध, पंचम (प) वर्ज्य. तरी ऐकणाऱ्याला एकात दुसरा दिसला तर गाणारा चुकला. पूरिया गंधार-निषाद धरून खाली मंद्रात रमतो. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकणं लांबवत राहतो, त्यामुळे कुणीतरी दाराबाहेर ताटकळतंय असं वाटतं. सोहनी वरच्या अंगाची, सारखी तार षड्जाकडे झेपावणारी, रात्रीच्या शेवटच्या प्रहराची.

मला माझ्या तिघी तिथे मिळाल्या. थोरलीला पूरिया दिला. ती हळू, लांब बोलते आणि जुन्या गोष्टींवर परत येते. धाकटी सोहनी, तिचं वाक्य वरच्या पट्टीतच सुरू होतं. सगळ्यात जास्त वेळ मधलीवर गेला. मारव्यातल्या षड्जासारखा तिचाही एक शब्द मी लांबवायचा ठरवला. तिला घरी परत यायचंय, पण अख्ख्या कादंबरीत ती 'घर' हा शब्द उच्चारत नाही. 'तिकडे' म्हणते. एकदाच, शेवटून दुसऱ्या पानावर, तो तिच्या तोंडी येतो. प्रत्येकीचे संवाद लिहिण्याआधी दहा मिनिटं त्या त्या रागाचा आलाप ऐकायचो. शब्दांची बंदिश नाही, फक्त आलाप.

*

शब्द असलेलं गाणं सुरू असताना मला लिहिताच येत नाही. गाण्यातले शब्द माझ्या वाक्यात घुसतात. एकदा एका पात्राच्या पत्रात अख्खी ओळ तशीच उतरली होती आणि ती माझीच आहे असं मला आठवडाभर वाटत होतं. आता गाणं आधी ऐकते, मग बंद करते आणि तानपुरा लावून बसते. कानात जे मागे उरतं तेवढंच पानावर येतं आणि तेवढंच पुरतं.

*

माझी कादंबरी १९५३ सालात घडते. दोन तरुण शेजारी, संध्याकाळ, आकाशवाणीवर लागलेलं चित्रपटगीत. प्रसंग मला अतिशय आवडायचा. हस्तलिखित ज्या आजोबांना वाचायला दिलं होतं त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'तेव्हा हे सिलोनवर ऐकायचो.'

शोधलं, आणि त्यांचंच बरोबर निघालं. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. आकाशवाणीने विविध भारती सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. म्हणजे माझे दोघं चार वर्षं आधीच्या हवेत पुढचं गाणं ऐकत होते.

आधी फार वाईट वाटलं. मग नव्याने लिहायला बसलो. सिलोन शॉर्टवेव्हवर लागायचं. आवाज लाटेसारखा जवळ यायचा, विरायचा, मध्येच दुसऱ्याच भाषेतलं भाषण घुसायचं. काटा केसभर इकडेतिकडे करावा लागायचा. आता तो बटण फिरवतो, ती म्हणते 'थांब, आता होतं', आणि दोघांचे कान रेडिओच्या जाळीपाशी येतात. अंतरा सुरू होतो आणि आवाज बुडतो. राहिलेली ओळ ती स्वतः म्हणते. माझ्या आधीच्या प्रसंगात दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून होते!

काळातली कादंबरी लिहिणाऱ्यांना कळकळीने सांगतो, गाणं कोणत्या साली आलं एवढंच पाहू नका. ते कशावर वाजत होतं तेही पाहा. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी असेल तर एका बाजूला साधारण तीन मिनिटं. नंतर सुई खरखरत राहते, कुणालातरी उठावं लागतं. कोण उठतं, यावरही एक प्रसंग उभा राहतो.

*

मी एकच गाणं तीनदा वापरलं. पहिल्यांदा नवरा ते मोठ्याने, पूर्ण म्हणतो. दुसऱ्यांदा, भांडणानंतर, मिटल्या तोंडाने गुणगुणतो. तिसऱ्यांदा तो आजारी आहे, आवाज गेलाय, आणि चादरीवर बोटांनी फक्त ठेका धरतो. ती ओळखते. मी तिथे गाण्याचा उल्लेखही केला नाही, वाचणाऱ्यांनी मात्र ओळखलं. जर्मन संगीतकार वाग्नरने चार संगीतिकांच्या एका प्रचंड मालिकेत (१८७६ साली बायरॉइटला ती पहिल्यांदा पूर्ण सादर झाली) हेच केलं होतं. एक छोटी सुरावट पात्राला किंवा वस्तूला जोडायची आणि प्रत्येक वेळी थोडी बदलून परत आणायची. कादंबरीत वाद्यवृंद नसतो, पण बोटं असतात, शीळ असते, श्वास असतो.

*

माझा अनुभव कागदपत्रांचा आहे, तरी सांगते, कुणाचे तरी कष्ट वाचतील. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर मी एका गाण्याच्या दोन ओळी घातल्या होत्या. २२ प्रकरणं. संपादकांनी विचारलं, परवानग्या कुठे आहेत? आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं शब्दांवर स्वामित्वहक्क असतो, आणि माझे बहुतेक गीतकार त्या मुदतीतले होते. सगळ्या ओळी काढल्या. महिनाभर पुस्तक उघडंबोडकं वाटलं. मग एका प्रकरणात ओळीऐवजी एवढंच लिहिलं की आई दुसऱ्या अंतऱ्यातला शब्द कायम चुकीचा म्हणते आणि तिला कुणी दुरुस्त करत नाही. उसन्या दोन ओळींपेक्षा ती आई मला जास्त जवळची वाटली.

*

मी फक्त वाचक. आमच्या वाचनगटात आम्ही सहाजणांनी एकाच कादंबरीतल्या एकाच पात्रासाठी गाणं आणायचं ठरवलं. पात्र खलनायकाचं. पाचजणांनी भेसूर, ढोल-ताशांचं काहीबाही आणलं, एकीने अंगाई आणली. ती वाजत असताना कुणी बोललं नाही. घरी जाऊन मी त्याचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचलं. त्यात त्याच्या झोपेचा उल्लेख चार ठिकाणी आहे. मी एकदाही थांबले नव्हते.

*

एक सांगावंसं वाटतं. गाणं पात्राला देण्याआधी ते आपल्याला परत लागणार नाही ना, हे बघा. बाबांचं आवडतं गाणं मी एका अपघाताच्या प्रकरणाला दिलं. चाल अगदी चपखल बसली. प्रकरण पुरं होईपर्यंत, दोन महिने, रोज पहाटे तेच लावत होतो. प्रकरण चांगलं झालं, सगळे तसं म्हणतात. पण आता पहिले सूर आले की मला रस्ता आणि उलटी पडलेली सायकल दिसते, बाबा दिसत नाहीत. परवा आईने ते लावलं. मी उठून बाहेर गेलो. तिला वाटलं, मला बाबांची आठवण आली. मी काही बोललो नाही.