उ: नुसतं डावीकडे वळायचं, त्यात कसलं कौशल्य?

वर म्हटलंय की नॅस्कारमध्ये (अमेरिकेतल्या, मुख्यतः अंडाकृती ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींमध्ये) सगळ्या गाड्या एका गठ्ठ्यात फिरतात, म्हणजे ड्रायव्हर सारखेच, कौशल्य शून्य. गठ्ठा दिसतो हे खरं, पण तो एका नियमामुळे घडलेला आहे. 1987 साली टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ड्रायव्हर बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी 212.809 मैल, म्हणजे ताशी जवळजवळ 342 किलोमीटरचा वेग काढला. त्याच शर्यतीत दुसरा ड्रायव्हर बॉबी अ‍ॅलिसनचा मागचा टायर फुटला, गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. त्यानंतर, 1988 पासून, डेटोना आणि टॅलाडेगा या दोन वेगवान ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी चकती सक्तीची झाली (आता चकती नाही, वेगळा भाग असतो, काम तेच).

सगळ्यांच्या इंजिनांची ताकद अशी कापल्यावर एकट्याने पुढे निघणंच अवघड झालं. पुढच्याच्या आडोशाने हवेचा विरोध कमी होतो, म्हणून जो तो कुणाच्या तरी शेपटाला चिकटलेला. अशा वेळी रांगेतून बाहेर पडलात आणि मागून कुणी ढकलायला आलं नाही, तर बघता बघता दहा-पंधरा जागा मागे. कुणावर विसंबायचं आणि कुणाला कधी दगा द्यायचा, हा हिशेब टॅलाडेगाच्या 33 अंशांनी आडव्या कललेल्या वळणांवर, दोन्ही बाजूंना गाड्या असताना करायचा. मला तरी ते सोपं वाटत नाही.