बेटी बूथरॉइड यांचं निर्णायक मत
ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या माजी स्पीकर (अध्यक्ष) बेटी बूथरॉइड यांच्याबद्दल 'बाई मूळच्या मजूर पक्षाच्या, मग खुर्चीत बसल्यावरही कल तिकडेच असणार' असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. एक तर तिथे स्पीकर झालं की पक्ष सोडावा लागतो. आणि १९९२ साली सभागृहात बहुमत हुजूर पक्षाचं होतं, तरी बाई ३७२ विरुद्ध २३८ मतांनी निवडून आल्या. म्हणजे समोरच्या बाकांवरच्यांनीही मतं दिलीच की!

खरी कसोटी लागली जुलै १९९३ मध्ये, युरोपियन युनियन स्थापन करणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराच्या वेळी. मजूर पक्षाच्या दुरुस्तीवर ३१७-३१७ अशी बरोबरी जाहीर झाली आणि निर्णायक मत बाईंवर आलं. त्यांनी ते आपल्याच जुन्या पक्षाच्या विरोधात टाकलं. कारण प्रथा अशी की सभागृहात नसलेलं बहुमत स्पीकरने स्वतःच्या मताने तयार करायचं नाही. गंमत पुढेच आहे. नंतर कळलं की मोजणीच चुकली होती, सरकार एका मताने जिंकलेलंच होतं. बाईंच्या मताची गरजच नव्हती!

बाकी बाई तरुणपणी नाचाचे कार्यक्रम करायच्या, त्याबद्दल बरंच बोललं जातं, पण १९७३ मध्ये खासदार होण्याआधी त्या चार निवडणुका हरल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.