मंद वाऱ्यात लेझर बोट आधी पोचते तरी निकालात मागे, हँडीकॅप नंबर बदलून मागावा का?

सराफा_ते_तलाव (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे चार-पाच जण रविवारी पहाटे गाडी काढतो, सोनकच्छला चहा, आणि साडेआठपर्यंत भोपाळच्या बड्या तलावावर. तिथे एका छोट्या क्लबच्या शिडाच्या बोटींच्या रेसेस असतात, सगळे हौशी लोक, कोणी बँकेत कोणी दवाखान्यात. बोटी सगळ्या मिक्स, माझ्यासारख्या दोन-तीन एकट्याच्या लेझर, काही दोघांच्या एंटरप्राइज आणि पोरांच्या ऑप्टिमिस्ट, त्यामुळे निकाल पोर्ट्समथ यार्डस्टिकवर लावतात, म्हणजे प्रत्येक जातीच्या बोटीला एक हँडीकॅप नंबर, हळू बोटीचा मोठा. शीटवर लेझर ११००, एंटरप्राइज ११२०, ऑप्टिमिस्ट १६४०.

आता प्रॉब्लेम असा की थंडीत तिथे वाराच नसतो हो, तीन-चार नॉट (ताशी सहा-सात किलोमीटर) मिळाला तर नशीब. मी एंटरप्राइजच्या पुढे फिनिश करतो, मिनिटभर आधी, आणि करेक्टेड टाइम (नंबराप्रमाणे बदललेला वेळ) काढला की ती वर आणि मी खाली. मार्च-एप्रिलमध्ये वारा चांगला असला की असं होत नाही, तेव्हा मी आरामात वर असतो. क्लबवाले म्हणतात नंबर ब्रिटनहून आलेत, आपण हात लावायचा नाही. मला विचारायचंय की थंडीसाठी वेगळा नंबर मागणं बरोबर आहे का? आणि कमी वाऱ्यात लेझर अजून पळवायला काय करता येईल तेही सांगा.

---

आकडेमोड (इंदूर)

दादा, आधी हिशोब मांडू. फॉर्म्युला सोपा आहे, लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले नंबर. ११०० आणि ११२० मध्ये फरक १.८ टक्के. ४० मिनिटांची रेस असेल तर एंटरप्राइजला तुमच्यावर साधारण ४४ सेकंदांची सूट मिळते, पण तोच कोर्स मंद वाऱ्यात रखडत ७० मिनिटं चालला की सूट ७६ सेकंद होते. म्हणजे तुम्ही मिनिटभर आधी पोचलात तरी ती जिंकणारच. यात अन्याय नाही, सूट वेळेच्या प्रमाणात वाढते एवढंच.

खरी गोम दुसरीकडे आहे. तो नंबर म्हणजे सगळ्या प्रकारच्या वाऱ्यातल्या निकालांची सरासरी, रॉयल यॉटिंग असोसिएशन तिकडच्या क्लबांकडून निकाल गोळा करून दरवर्षी काढते. लेझर हलकी, जोराच्या वाऱ्यात पाण्यावर उचलली जाते आणि सुसाट सुटते, तो वेगही त्या नंबरात धरलेला आहे. तीन नॉटमध्ये ते उचलणं होतच नाही, तिथे किती शीड आणि किती ओला पृष्ठभाग एवढाच खेळ उरतो. लेझरला शीड ७.०६ चौरस मीटर, एंटरप्राइजला दोन्ही मिळून साडेदहा, शिवाय जिब (पुढचं छोटं शीड) असल्यामुळे मुख्य शिडावरचा वारा पण नीट वाहतो. माणसं दोन बसतात हे खरं, पण दोन हलकी पोरं असतील तर त्या बोटीला मंद वाऱ्यात धरणं अवघड.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही, ती म्हणजे वारा रेसभर एकसारखा नसतो. तुम्ही ७० मिनिटांत पोचलात तर ऑप्टिमिस्टच्या पोराकडे १०४ मिनिटं आहेत. तुम्ही बोट बाहेर काढून दोर गुंडाळत असताना साडेदहाचा वारा सुरू झाला की ते पोर त्या नव्या वाऱ्यावर घरी येतं. उलट वारा पडला तर बिचारं अर्ध्यात अडकतं. ही गडबड कुठल्याही नंबरानं सुटत नाही, कोर्स छोटा ठेवूनच सुटते.

---

पलासियाचे_काका (इंदूर)

मी नोकरीची बरीच वर्षं मुंबईला होतो, हार्बरमध्ये सेलिंग केलं, आता इंदुरात स्थायिक. नंबराचं वर आलंय ते बरोबर आहे, मी बोटीतलं सांगतो, कारण तीन नॉटमध्ये ७६ सेकंद बोटीतच सापडतात.

पहिलं, पुढे सरका. कॉकपिटच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून बसायचं. मागे बसलात की ट्रान्सम (बोटीची मागची सपाट बाजू) पाण्यात बुडतो आणि मागे बुडबुड आवाज येतो, तो आवाज ऐकू आला की समजा बोट पाणी ओढतेय. दुसरं, अपविंडला (वाऱ्यासमोर जाताना) बोट थोडी लीवर्डला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, कलती ठेवा, म्हणजे शीड आपल्याच वजनानं आकार धरतं आणि टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) थोडा भार लागतो, नाहीतर हाताला काही कळतच नाही. किकर (बूम खाली ओढणारा दोर) सैल, पण इतका नाही की बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, वर-खाली नाचेल. आउटहॉलच्या (शिडाची खालची कड ताणणाऱ्या दोराच्या) बाबतीत लोक वारा कमी म्हणून शिडाला भरपूर पोट देतात, पण अगदीच मंद वाऱ्यात हवा त्या खोल पोटावरून वळत नाही, मध्येच सुटते, म्हणून थोडं चपटं ठेवा. टेलटेल (शिडावरच्या रिबनी) बघत राहा, लीचवरची, म्हणजे शिडाच्या मागच्या कडेची, रिबन सतत शिडाच्या मागे लपत असेल तर मेनशीट (शिडाचा मुख्य दोर) ओढलेली जास्त आहे, सोडा थोडी.

वाऱ्यात फार वर चढू नका, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्याकडे फार वळवू नका. मंद वाऱ्यात उंची मागायला गेलं की वेग जातो आणि डॅगरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) काम करेनासा होतो, मग बोट आडवी सरकते. आधी वेग, मग उंची. डाउनविंडला (वारा मागून असताना) उलटं, बोट विंडवर्डला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, कलवा, डॅगरबोर्ड अर्धा वर.

आणि हालचाल कमी हो! बाटली उचलायची तरी हळू. तुम्ही धाडकन बाजू बदललीत की शिडातला जो काय वारा आहे तो झटकून टाकता, आणि मग बोटीला परत चालू व्हायला अर्धं मिनिट जातं. रोल टॅक शिका, म्हणजे वाऱ्यातून बाजू बदलताना (टॅक) बोट कलवून घेणं, तो नियमात बसतो, फक्त टॅकनंतर वेग टॅक केलाच नसता तर जेवढा असता त्यापेक्षा वाढता कामा नये. सारखं डोलवणं, शीड पंप करणं हे रेसिंगच्या नियम ४२ मध्ये सरळ मना आहे.

सगळ्यात शेवटी डोळे. पाण्यावर गडद सुरकुत्या दिसतात तिकडे वारा. उभे राहून बघा स्टार्टच्या आधी. श्यामला हिल्सकडून वारा येत असेल तर टेकडीच्या आडोशाला जाऊ नका, तिथे बोट गेली की बसली.

---

विश्वामित्रीकाठची (बडोदा)

दादा, एक सुचवू का? परस्यूट रेस घ्या. ज्याचा नंबर मोठा तो आधी सुटतो, आणि ठरलेल्या वेळी शिट्टी वाजली की जो पुढे तो जिंकला, नंतर कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. तासाभराच्या रेसला तुमच्या नंबरांनी ऑप्टिमिस्ट शून्याला, एंटरप्राइज १९ मिनिटांनी, लेझर त्यानंतर पाऊण मिनिटानं. पोरांना फार आवडतं कारण पूर्ण वेळ ती पुढे असतात आणि मोठे मागून येतात. आणि सगळ्या बोटी एकाच वेळी संपतात, म्हणजे कोणी नंतरचा वारा खाऊन जिंकत नाही.

---

पलासियाचे_काका (इंदूर)

ताई, कल्पना छान आहे, पण पहिली वीस मिनिटं वारा होता आणि नंतर पडला तर लेझरवाले स्टार्ट लाइनवरच उभे राहतील. शिवाय शिट्टीच्या वेळी बोटी तलावभर पसरलेल्या असतात, क्रम लिहून घ्यायला दोन तरी बोटी लागतात. वारा टिकेल अशी खात्री असलेल्या दिवशी जरूर घ्यावी.

---

सराफा_ते_तलाव (इंदूर)

सगळ्यांचे आभार, काका तुमचं तर प्रिंट काढून ठेवतो. पण मूळ प्रश्न राहिला. मंद वाऱ्यासाठी वेगळा नंबर का नको? अमेरिकेत तर देतात म्हणे.

---

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

देतात. तिकडच्या पोर्ट्समथमध्ये बोफर्टच्या (वाऱ्याच्या जोराच्या मापाच्या) पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळे नंबर असतात, अगदी मंद वाऱ्याचा वेगळा, मध्यम वाऱ्याचा वेगळा. पण भाऊ, वारा मोजणार कोण आणि कुठे? कमिटी बोटीवर चार नॉट आणि पलीकडच्या मार्कवर शून्य, हे तुमच्या तलावावर रोजचंच असणार. मग रेस संपल्यावर कुठली पट्टी लावायची यावर भांडण. चार नॉट धरला की तुम्ही दुसऱ्या पट्टीत जाता आणि निकाल उलटतो. हौशी क्लबात एवढ्याशा गोष्टीवरून माणसं यायची बंद होतात, हे मी दुसऱ्या खेळात बघितलंय, म्हणून मी ठामपणे म्हणतो नको.

क्लबवाले "हात लावायचा नाही" म्हणतात ते मात्र चूक आहे. ती असोसिएशन स्वतः सांगते की आपल्या पाण्यावर नंबर जुळत नसेल तर क्लबानं बदलावा. फक्त एका रविवारवरून नाही, सीझनभराचे निकाल घ्या, त्यातही नीट चालवलेल्याच बोटींचे, आणि बघा की लेझर सातत्यानं मागे पडते की फक्त तुमची लेझर. दुसरी लेझर त्याच वाऱ्यात एंटरप्राइजच्या वर येत असेल तर नंबर ठीक आहे.

काही ठिकाणी माणसागणिक नंबर देतात, मागच्या निकालांवरून वाढतो-कमी होतो. त्यानं नवीन लोक टिकतात, पण तो हिशोब वेगळा ठेवा, बक्षीस वेगळं. जो मेहनतीनं चांगला झाला त्याचा नंबर कापायचा आणि त्यालाच शेवटी बसवायचं, हे मला पटत नाही.

---

आकडेमोड (इंदूर)

ग्वाल्हेरच्या भाऊंशी सहमत. मी अजून एक सांगतो जे तुमच्या क्लबला लगेच जमेल. लांब कोर्सऐवजी लहान फेरे ठेवा आणि ४५ मिनिटं झाली की प्रत्येक बोट पुढच्या वेळी लाइन ओलांडेल तेव्हा तिची रेस संपली. मग एका फेऱ्याची सरासरी काढायची. समजा लेझरनं ३ फेरे ४८ मिनिटांत केले, म्हणजे फेऱ्याला ९६० सेकंद, करेक्टेड ८७३. ऑप्टिमिस्टनं २ फेरे ४७ मिनिटांत, फेऱ्याला १४१०, करेक्टेड ८६०. पोर जिंकलं, पण बघा दोघंही जवळपास एकाच वेळी, एकाच वाऱ्यात संपले. १०४ मिनिटांचा घोळ गेला. एंटरप्राइज तुमच्याइतकेच फेरे मारेल, पण रेस ७० मिनिटांवरून ४८ वर आली की तिची सूटही ५२ सेकंदांवर येते, आणि तुमची आघाडीही त्याच प्रमाणात घटते, म्हणून तिच्याशी हिशोब फारसा बदलत नाही. हे सेलिंग इन्स्ट्रक्शनमध्ये (रेसच्या लेखी सूचनांत) आधी लिहायला मात्र हवं. तुमची मागच्या सीझनची शीट मला पाठवा, कुठली बोट कुठल्या दिवशी किती मागे ते मी मांडून देतो, क्लबसमोर ठेवायला बरं पडेल.

---

पलासियाचे_काका (इंदूर)

आणि दोन गोष्टी रेस ऑफिसरला सांगा. एक, घाई नको. थंडीत सकाळी थंड हवा तलावावर बसून असते, ऊन वर आलं, जमीन तापली की वरचा वारा खाली उतरतो, तेव्हा लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा पोस्टपोनमेंटचा झेंडा लावून अकरापर्यंत थांबायला काही हरकत नाही. पोहे खा तोवर. दोन, रेस सुरू होऊन वारा पडलाच तर निळ्या चौकोनाचा एस झेंडा लावून पुढच्या मार्कवर संपवा.

लेझर तीन आहेत ना तुमच्याकडे? मग त्यांचा निकाल आपसात वेगळाही लावा, तिथे नंबर लागतच नाही. आपल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळच्या याच तलावावर तयार झाली आणि हांगझूच्या एशियन गेम्समध्ये २०२३ ला इल्का ४ (लेझरचाच छोट्या शिडाचा प्रकार) मध्ये सिल्व्हर घेऊन आली, ती सगळी रेस एकाच जातीच्या बोटींची, जो पुढे तो पुढे. हँडीकॅप मिक्स बोटींसाठी चांगला आहे, त्यामुळेच तुमच्याकडे पोरं आणि मोठे एकत्र उतरतात, पण आपली चाल खरंच सुधारली का हे दुसऱ्या लेझरशेजारी चालवल्यावरच कळतं.

---

सराफा_ते_तलाव (इंदूर)

काका, दुसऱ्या लेझरवाल्याला आत्ताच फोन केला, तो तयार आहे. शीट आज रात्री पाठवतो आकडेमोड यांना. आणि सरासरी फेऱ्याचं क्लबच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो, वेगळ्या नंबराची मागणी तूर्त बाजूला.